बदलीची हजेरी

दुसऱ्याचा कोड साफ करायला दिला की मी आधी शिव्या घालते, मग वाचायला घेते. आमच्या साहेबांना हे ठाऊक होतं, म्हणून त्या दिवशी त्यांनी आधी पोहे-जलेबी मागवली. माझी बशी रिकामी होईपर्यंत गप्प बसले आणि मग म्हणाले, "देखो, इथल्या कचेरीत राहिलेल्या मिलच्या जुन्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम सापडलाय. सी लँग्वेजमधला आहे. थोडी साफसफाई केली की विकता येईल. बस, इतना ही है."

"इतना ही है" ऐकलं की माझं डोकं फिरतं. पण पोहे खाऊन झाले होते.

तेव्हा इंदूरच्या मिला एकेक करून बंद पडत होत्या. भोंगे गेले आणि त्यांच्या जागी गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास आले, पानाच्या टपऱ्यांवर विलायती कोलाच्या पाट्या लागल्या. ज्या भिंतींवर युनियनच्या घोषणा होत्या तिथे केबल टीव्हीच्या जाहिराती दिसायला लागल्या. आमचं ऑफिसही अशाच एका बंद मिलच्या कचेरीत होतं. पुढची दुमजली इमारत भाड्याने दिलेली होती आणि मागची सगळी खाती, म्हणजे सूतखातं, विणाई खातं, गोदाम, कुलूप लावून सोडलेली. वरच्या मजल्यावर आम्ही पाच-सहा जण बसायचो. माझ्या खिडकीतून विणाई खात्याचं पत्र्याचं छप्पर दिसायचं, आणि मी मुद्दाम खिडकीकडे पाठ करून बसायचे.

कारण माझे बाबा त्याच खात्यात हजेरीबाबू होते. कामगाराने खिडकीत पितळी बिल्ला ठेवायचा आणि बाबांनी त्याची हजेरी मांडायची, हे त्यांचं काम. शेवटच्या काही वर्षांत मिलला कॉम्प्युटरचं वेड लागलं, तेव्हा प्रत्येक खात्यात एकेक मशीन बसवलं होतं. बाबांच्याही टेबलावर एक आलं. त्याला ते "हा पाहुणा" म्हणायचे आणि रोज सकाळी उदबत्ती ओवाळायचे.

मिल बंद झाल्यावर काही महिन्यांनी बाबा घरातून निघाले ते परत आले नाहीत. मानपूरला हायवेवर त्यांच्या एका जुन्या सोबत्याने पंक्चरचं दुकान टाकलं होतं, त्याला भेटून येतो म्हणाले. तिथे ते पोचलेच नाहीत. तक्रार केली, दवाखाने पाहिले, ओंकारेश्वरपर्यंत शोधून आलो. काही म्हणता काही कळलं नाही. त्या दिवशी बाबा निघाले तेव्हा आई दारात उभी राहून त्यांना काहीतरी सांगत होती, आणि नेहमीप्रमाणे तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत बाबा जिना उतरले होते. आयुष्यभर भोंग्याच्या मागे धावलेला माणूस. सकाळी आईचं एकही वाक्य त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं नसेल.

आता आमच्याकडे आत्याचं टुमणं सुरू झालं होतं. इतकी वर्षं झाली, पिठाचा पुतळा करून अग्नी द्यावा, म्हणजे त्याला गती मिळेल आणि तुम्हीही सुटाल. आई ऐकून घ्यायची आणि विषय बदलायची. तिचं मंगळसूत्र गळ्यात होतं, कुंकू कपाळावर होतं. बाबांचा बिल्ला देवघराच्या खिळ्याला लटकलेला होता. आणि तिला पुतळ्याला हो म्हणता येत नव्हतं याचं कारण आमच्या घरातला फोन होता.

फोन वाजायचा आणि पलीकडे कोणी बोलायचं नाही. नुसता श्वास. कधी सकाळी, मी आणि दादा कामाला बाहेर पडल्यावर. कधी दुपारी, जुन्या दुसऱ्या पाळीच्या वेळेला. आई रिसीव्हर कानाला लावून त्या श्वासाशी बोलायची. आज भाजी काय केली, नळाला पाणी आलं नाही, पोरगी फार चिडचिड करते. मग फोन कट व्हायचा. "ते आहेत," आई म्हणायची. "कुठे का असेनात, आहेत." मी तिच्यावर कितीदा तरी डाफरले असेन. खोटं कशाला बोलू, मनातून मलाही ते हवंच होतं.

तर, प्रोग्राम. तारेतून एका कॉम्प्युटरचं बोलणं दुसऱ्याकडे जातं ते छोट्या छोट्या तुकड्यांत. त्या तुकड्याला पॅकेट म्हणतात आणि प्रत्येकावर पाठवणाऱ्याचं नाव असतं. हा प्रोग्राम तारेला कान लावून बसायचा आणि कोण बोललं ते पडद्यावर ओळीने दाखवायचा. फक्त ऐकायचं, आपण बोलायचं नाही, हा अशा प्रोग्रामचा धर्म.

लिहिणारा कोण होता काय की. मिलमध्ये कॉम्प्युटरवर बसणारा एक पोरगा होता, तो केव्हाच हैदराबादला निघून गेला, एवढंच कळलं. प्रोग्रामचे तुकडे पाडायचे सोडून त्याने जवळजवळ सगळा संसार एकाच फंक्शनमध्ये मांडला होता. जिथे तिथे गोटू, या ओळीवरून त्या ओळीवर नुसत्या उड्या. मेमरी मागून घ्यायची आणि परत द्यायचं नाव नाही. व्हेरिएबलची नावं मात्र सगळी मिलची: पाळी, खातं, बिल्ला, भोंगा. मी चरफडत एकेक नाव बदलत गेले. एका ठिकाणी मोठी रांगच्या रांग नंबरांची होती आणि तिच्याशी जोडलेलं एक लांबलचक फंक्शन, नाव बदली. त्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, हे काढू नये. असं लिहिलेलं पाहिलं की मला ते आधी काढावंसं वाटतं. पण जेवायची वेळ झाली होती, म्हणून मी ते तसंच ठेवलं आणि प्रोग्राम चालतो का ते बघायला सुरू करून गेले.

आमच्या ऑफिसची तार मिलच्या जुन्या तारेलाच जोडलेली होती. फुकट मिळाली होती ना. तिच्यावर आमची दोन-चार मशीनं सोडून दुसरं कोणी असायचं कारण नव्हतं.

डबा धुऊन परत आले तर पडद्यावर नव्या ओळी होत्या. सूतखातं, हजर. गोदाम, हजर. विणाई, हजर. प्रत्येक ओळीत मशीनच्या नावाच्या जागी एक नंबर होता. विणाईच्या ओळीतला नंबर मी लहानपणापासून रोज देवघरापाशी पाहत आले होते. बाबांच्या बिल्ल्याचा नंबर.

मी साहेबांना हाक मारली. साहेब धावत आले आणि मी बोट दाखवलं. "अरे, मागे कोई मशीन चालू रह गई होगी," ते म्हणाले. मागे वीज तोडून वर्षं झाली होती, हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी तो विषय तिथेच सोडला आणि त्या दिवशी लवकर घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तयार बसले. दुसऱ्या पाळीची वेळ झाली आणि पुन्हा तेच. सूतखातं, गोदाम, विणाई. बाबांचा नंबर दिसताच मी टेबलावरच्या फोनवरून घरचा नंबर फिरवला. एंगेज लागला. ठेवला, पुन्हा फिरवला, पुन्हा एंगेज. तिसऱ्यांदा लागला तेव्हा आई म्हणाली, "आत्ताच त्यांचा येऊन गेला बघ. आज बराच वेळ होते."

ज्या घटकेला बाबांच्या मशीनने हजेरी दिली त्याच घटकेला घरी फोन आला होता. म्हणजे बाबा इथेच होते. माझ्या पाठीमागे, त्या छपराखाली. मला भीती वाटायला हवी होती, आणि वाटतही होती, पण त्याहून मोठा आनंद झाला. तो आनंदच जास्त भीतीदायक होता.

मी चौकीदारकाकांना म्हटलं, मागचं कुलूप उघडा, तार बघायची आहे. ते मिलच्याच जुन्या कामगारांपैकी. एकदाही का म्हणून विचारलं नाही. आम्ही तारेच्या कडेकडेने निघालो. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि आत इतका गारवा की अंगावर काटा आला. सूतखात्यात जमिनीतून नुसते बोल्ट वर आलेले होते, रांगेने, जिथे मशीनं होती तिथे. भिंतींना, पंख्यांना, आमच्या तारेलाही कापसाचे तंतू चिकटलेले. वारं नव्हतं तरी ते हलत होते. विणाई खात्याच्या दाराशी आल्यावर काका हजेरीच्या खिडकीपुढे थांबले. रिकाम्या खिडकीपुढे, हात पुढे करून, क्षणभर. मग आत शिरले. मी विचारलं तर म्हणाले, "आदत है, बेटा."

बाबांचं टेबल होतं. टेबलावर धुळीत एक चौकोन उमटलेला होता, बाकीच्यापेक्षा जरा उजळ. बाजूला उदबत्तीचं भोक पडलेलं लाकूड. मशीन नव्हतं. तार टेबलापर्यंत येत होती आणि तिथे कापलेली होती, आतलं तांबं हिरवं पडलेलं.

"मशीनें तो सब कबाड़ी ले गया," काका म्हणाले. "कब का."

मी खुळ्यासारखी बाबांना हाक मारली. मोठ्याने. छपरातून कबुतरं उडाली, दुसरं काही झालं नाही.

तिसऱ्या दिवशी मला काही सुचेना, तेव्हा मी सरळ माझ्याच मशीनच्या मागची तार उपटली. आता ऑफिसचं, मिलचं, कोणाचंच बोलणं माझ्यापर्यंत यायला वाट नव्हती. तारेचं टोक हातात धरून मी पडद्यासमोर बसले. दुपार कलली. सूतखातं, हजर. गोदाम, हजर. विणाई, हजर.

तार माझ्या हातात होती आणि पडद्यावर हजेरी लागत होती. मग हळूहळू डोकं चालायला लागलं. बाहेरून येत नाही, तर आतून येतंय. या मशीनच्या आतून. मी ते लांबलचक फंक्शन उघडलं, हे काढू नये वालं, आणि पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एक अक्षर न गाळता वाचलं.

बदली म्हणजे काय हे मिलवाल्यांच्या पोरांना सांगावं लागत नाही. जो आला नाही त्याच्या जागी उभा राहणारा तो बदली. साच्याला, म्हणजे मागाला, हात लागतो, कोणाचा ते साचा विचारत नाही. त्या पोराने प्रोग्रामला तेच शिकवलं होतं. पाळीच्या वेळेला प्रत्येक खात्याचं मशीन हजर म्हणून बोलतं का ते ऐकायचं. थोडं थांबायचं. नाही बोललं, तर त्याच्या नावाने, तिथल्या हजेरीबाबूच्या बिल्ल्याच्या नंबराने आपणच पॅकेट पाठवायचं. मग आपणच ते ऐकायचं आणि आपणच पडद्यावर दाखवायचं. ऐकणारा प्रोग्राम चोरून बोलत होता.

मी काकांना विचारलं, असं कशासाठी केलं असेल कोणी? ते गेटावर तंबाखू मळत होते. म्हणाले, "आखिर के दिनों में ऊपरवाले जिस खाते की हाजिरी नहीं दिखती थी, उस पे ताला डाल देते थे." म्हणजे वर मिलच्या साहेबांच्या पडद्यावर खातं हजर दिसलं, की ते आणखी एक दिवस चालायचं. इतकी साधी गोष्ट होती. तो पोरगा हैदराबादला गेला, खाती गेली, मशीनं भंगारात गेली, आणि हा प्रोग्राम तेवढा सगळ्यांच्या नावाने हो म्हणत राहिला.

मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले. बाबा मागे नव्हते. बाबा तिथे कधीच नव्हते.

घरी जाताना टेम्पोत मात्र डोक्यात दुसराच किडा वळवळायला लागला. पॅकेट आणि फोन एकाच वेळी का? भूत नव्हे, तर दोघांनाही पाळीची वेळ ठाऊक होती म्हणून. प्रोग्रामला ती लिहून दिली होती. मग फोन करणाऱ्याला कोणी सांगितली? ज्याला अजूनही भोंग्याच्या वेळा तोंडपाठ होत्या असा माणूस आमच्या घरात आई आणि मी सोडून एकच होता.

दादा जुनी इंदूर भागात ऑटो पार्ट्सच्या दुकानात कामाला होता. मी टेम्पोतून तिथेच उतरले आणि गिऱ्हाइकासमोरच त्याला म्हटलं, "दुपारचे फोन तू करतोस ना?"

त्याने हातातला बेअरिंगचा डबा खाली ठेवला. आढेवेढे घेतले नाहीत. "हौ," म्हणाला. "आत्याने पुतळ्याचं काढलं तेव्हा आईने अन्न टाकलं होतं, आठवतं? मला काही सुचेना. मी पीसीओतून फोन लावला आणि बोलायलाच जमेना. नुसता उभा राहिलो. ती बोलायला लागली. त्या रात्री जेवली. मग लागलीच सवय."

मला त्याचा राग आला आणि त्याच्या गळ्यातही पडावंसं वाटलं. दोन्ही केलं नाही. म्हटलं, "आणि सकाळचे पण तूच?"

"सकाळी मला शटर उघडायचं असतं, शेठ डोक्यावर उभा असतो. सकाळचे मी नाही करत." मग म्हणाला, "मला वाटलं, सकाळचे तू करतेस."

मी मानेनेच नाही म्हटलं आणि घरचा टेम्पो पकडला.

प्रोग्राम मी साफ केला. बदलीचं फंक्शन काढलं, नंबरांची रांग काढली, मागितलेली मेमरी परत द्यायला लावली. ऐकणाऱ्याने ऐकावं, एवढंच त्यात ठेवलं. त्या दुपारी मिलच्या तारेवर पहिल्यांदाच कोणी काही बोललं नाही. साहेब खूश झाले आणि पुन्हा पोहे मागवले. मी माझी बशी शेजारच्याकडे सरकवली. रिकामा पडदा बघवेना, म्हणून मी तो बंद करून ठेवला.

काही दिवसांनी दादाला सूरतला काम लागलं. जायच्या आदल्या संध्याकाळी त्याने मला जिन्यात गाठलं. "तिकडून एसटीडी लावला तर खरखर येते," म्हणाला, "आईला लगेच कळेल. दुपारचं आता तू बघ." मी म्हटलं, मला नाही जमणार असलं नाटक. तो बॅग भरायला वर गेला.

एक दुपार गेली, दोन गेल्या. आई रोज दुपारी फोनजवळच्या पाटावर तांदूळ निवडत बसायची, हे मला माहीत होतं. तिसऱ्या दुपारी मी ऑफिसमधून उठले आणि गेटासमोरच्या पीसीओत शिरले. दार लावलं, तोंडावर ओढणी धरली, नंबर फिरवला. आईने पहिल्याच घंटीला उचलला. मी श्वास घेतला, सोडला. दादासारखा जड श्वास काढायचा प्रयत्न केला.

आई जरा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "आज बदलीवर तू का?"

मी तोंडावरची ओढणी खाली घेतली.

"दादाला मी कधी बोलले नाही. पोरगा उन्हातान्हात फोन करायला जायचा, त्याचं मन कशाला मोडा. पण तू ऑफिसचं काम टाकून येत जाऊ नकोस. दुपारचं मला लागत नाही."

"तुला पहिल्यापासून माहीत होतं?" मी म्हटलं.

"मिलवाल्याची बायको आहे मी."

"मग आत्याला हो का म्हणत नाहीस?"

"सकाळच्या फोनामुळे," आई म्हणाली, जसं काही मी फारच बावळट प्रश्न विचारला होता. "तुम्ही पोरं माझं बोलणं संपेपर्यंत थांबता. ते कुठे थांबतात? माझं वाक्य अर्ध्यात असतं आणि हे ठेवून मोकळे." मग म्हणाली, "येताना कोथिंबीर आण. जून नको आणू."

पावसाळ्याच्या शेवटी मला ताप आला आणि मी कामावर गेले नाही. सकाळी बाहेरच्या खोलीत गोधडी घेऊन पडले होते, फोनच्या अगदी शेजारी. आई आत पोळ्या लाटत होती. फोन वाजला. हात लांब केला असता तर रिसीव्हर हातात आला असता, आणि कोण ते एकदाचं कळलं असतं. मी हात गोधडीखालून बाहेर काढला नाही.

"आई, फोन," मी म्हटलं.

ती पदराला पीठ पुसत आली, उचलला, जरा ऐकलं. तिचा चेहरा मी पाहिला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. "अहो, पोरीला ताप आलाय," आई म्हणाली, "येताना जरा बडा गणपतीजवळच्या त्या वैद्यांकडून—"

आणि तिने रिसीव्हर खाली ठेवला.